अलकनंदेच्या काठाने जाताना कोठे थांबावे?

प्रश्न: ऋषिकेशहून बदरीनाथला जाताना केवळ देवदर्शन न करता अलकनंदा नदीही नीट पाहावयाची आहे. कोणती ठिकाणे चुकवू नयेत?

उत्तर १: देवप्रयागला संगमाच्या पायऱ्या उतराव्यात, कारण तेथे भागीरथी आणि अलकनंदा यांचे निरनिराळ्या रंगांचे पाणी काही अंतर शेजारी वाहताना दिसते आणि पुढे त्या प्रवाहाला गंगा म्हणतात.

उत्तर २: गढवालमधील श्रीनगर प्रवासी जेवणापुरतेच पाहतात, हे मला पटत नाही. १८९३ मध्ये दरड कोसळून बिरही या उपनदीवर गोहना तलाव साचला. तो १८९४ च्या ऑगस्टमध्ये फुटून जुने श्रीनगर उद्ध्वस्त झाले, परंतु तारेने आगाऊ इशारा मिळाल्यामुळे जीवितहानी अगदी थोडी झाली.

उत्तर ३: पावसाळा मात्र टाळावा, दरडींमुळे रस्ता वारंवार बंद पडतो.