सेफॉक्सिटिन रेझिस्टंट, पण अमॉक्सिक्लॅवचा झोन मोठा: रिपोर्ट काय द्यायचा?

प्रश्न: पूच्या नमुन्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस. सेफॉक्सिटिन या प्रतिजैविकाच्या ३० मायक्रोग्रॅम डिस्कचा झोन (डिस्कभोवतीचं जिवाणू न वाढलेलं वर्तुळ) १७ मिमी, अमॉक्सिक्लॅवचा (अमॉक्सिसिलिन अधिक क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल) मात्र भरपूर मोठा. क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल बीटा-लॅक्टमेजला (पेनिसिलिनसारखी औषधं तोडणाऱ्या जिवाणूच्या एन्झाइमला) रोखतंच, मग अमॉक्सिक्लॅव संवेदनशील लिहू का?

उत्तर १: अजिबात लिहू नका, रुग्णाला चुकीचं औषध जाईल. सेफॉक्सिटिनचा झोन २१ मिमी किंवा कमी म्हणजे एमआरएसए (मेथिसिलिनला रेझिस्टंट स्टॅफिलोकॉकस ऑरियस). औषध तोडणारं एन्झाइम हा इथला मुद्दाच नाही. पेशीभित्तिकेतल्या पेप्टाइड साखळ्या एकमेकींना जोडणारी ट्रान्सपेप्टिडेज एन्झाइम्स पेनिसिलिन बंद पाडतं. मेक-ए जनुकामुळे जिवाणूला पीबीपी२ए हे जादा ट्रान्सपेप्टिडेज मिळतं. त्याची सक्रिय जागा मिटलेली असल्याने औषध तिथे फार हळू बसतं, आणि बाकीची एन्झाइम्स बंद पडली तरी जोडणी चालू राहते. क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल यात काहीच करू शकत नाही. सेफ्टारोलिन आणि सेफ्टोबिप्रोल वगळता सगळी बीटा-लॅक्टम (पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन वगैरे गटांची औषधं) रेझिस्टंट कळवा.

उत्तर २: सेफ्टारोलिनची युक्ती फार सुंदर आहे. पीबीपी२एवर सक्रिय जागेपासून दूर आणखी एक जागा असते. तिथे एक रेणू बसला की मिटलेली जागा उघडते आणि दुसरा रेणू आत शिरतो.

उत्तर ३: इनक्युबेटर तपासा. ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेला तर एमआरएसए निसटू शकतो. म्युलर-हिंटन अगार (जिवाणू वाढवण्याचं माध्यम), ०.५ मॅकफार्लंड (जिवाणूंच्या द्रावणाचा ठरावीक गढूळपणा), ३३ ते ३५ अंश, १६ ते १८ तास. एमआरएसए ओळखायला ऑक्सॅसिलिन डिस्कवर विसंबू नका. सेफॉक्सिटिन मेक-एला जास्त जोमाने जागं करतं, म्हणून झोनची कड स्पष्ट वाचता येते.