एमजीए १५०० ला ईएफआय: ट्यूनिंग झालं म्हणायचं का?

घाटमाथा (सातारा)

मंडळी, गाडी १९५७ ची एमजीए १५००, म्हणजे दोन सीटची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. तिला ईएफआय बसवलंय, म्हणजे संगणकानं ठरवून पेट्रोल फवारणारी यंत्रणा. जुळे एसयू कार्बोरेटर काढून पेटीत ठेवलेत. त्यांच्या जागी स्पीडुईनो ईसीयू (फवारा सांभाळणारा छोटा संगणक), हेडच्या दोन इनटेक पोर्टांवर एकेक इंजेक्टर, क्रँक पुलीवर क्रँक कुठे आहे ते ईसीयूला सांगणारं ३६-१ चं (३६ पैकी एक दात नसलेलं) चाक, आणि सायलेन्सरकडे जाणाऱ्या पुढच्या पाइपात धुरावरून मिक्श्चर मोजणारा वाइडबँड सेन्सर. कधी किती पेट्रोल टाकायचं याचं टेबल यवतेश्वर घाटात चढ-उतार करून भरून घेतलं. निवांत चालताना लॅम्बडा १ (हवा-पेट्रोल नेमकं), दाबल्यावर ०.८७ (पेट्रोल जास्त). सकाळी चोक ओढायची भानगड नाही, एका सेल्फमध्ये सुरू.

माझं म्हणणं साधं आहे. ही गाडी आजच्या पेट्रोलवर चालवायची तर ईएफआयला पर्याय नाही. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई२० ला (वीस टक्के इथेनॉल) साधारण १३.५. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो आपला ठरल्याप्रमाणे पेट्रोल सोडतो, म्हणजे मिक्श्चर आठेक टक्के लीन, पेट्रोल कमी. शिवाय या इंजिनाचं इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला. मे महिन्यात पोवई नाक्यावर गाडी बंद करून दहा मिनिटांनी परत आलं की कार्बोरेटरचा फ्लोट चेंबर (पेट्रोलची वाटी) तापून पेट्रोलची वाफ, मग नुसता सेल्फ मारत बसा. तीन बार प्रेशर आणि रिटर्न लाइन असली की तो त्रास जातो.

सांगलीचा एक मित्र म्हणतो, काढ ते खेळणं. तुमचं मत सांगा.

कृष्णाकाठ (सांगली)

तो मित्र मीच, म्हणून पहिला नंबर माझा.

आठ टक्के लीन झालं, मान्य. त्यासाठी एसयूखाली एक नट असतो राव. जेट थोडा खाली घे, फारच वाटलं तर जाड मिक्श्चरची नीडल टाक, फ्लोटची व्हॉल्व्ह आणि रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घे. दुपारभराचं काम. आणि उंचीची भीती दाखवू नकोस. सातारा साधारण सातशे मीटर, महाबळेश्वर साडेतेराशे. हवा विरळ होते सहा टक्के, पण कार्बोरेटर रिच (पेट्रोल जास्त) होतो त्याच्या निम्माच, तीन टक्के. ई२० लीन करतं, घाट रिच करतो, मेढ्यावरून केळघर चढलास की गाडी उलट खूशच होते.

आता तू काय काय बदललंस तेही सांग की इथे. सीटमागच्या दोन सहा व्होल्टच्या बॅटऱ्या गेल्या. पॉझिटिव्ह अर्थची गाडी निगेटिव्ह केलीस. डायनॅमो गेला, अल्टरनेटर आला, कारण डायनॅमो स्लोवर काही चार्ज देत नाही आणि तुझा पंप सतत करंट खातो. जुनी टाकी इंजेक्शनसाठी केलेली नाही, म्हणून सर्ज टँक (पंपाजवळची छोटी भरलेली टाकी) लावलास, नाहीतर पसरणीच्या वळणावर अर्ध्या टाकीत पंप हवा ओढणार. एका नटाच्या कामासाठी एवढं?

हे इंजिन म्हणजे बीएमसीचं बी-सिरीज, १४८९ सीसी. तेच अ‍ॅम्बेसेडरला होतं. साठीतला कुठलाही मिस्त्री ते कानानं लावतो. तुझी वायर तुटली तर साताऱ्यात कोण बघणार?

पासिंगवाला (सातारा)

कायद्याचं कुणी बोलत नाही म्हणून मी. जुलै २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' येतं. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढे नूतनीकरण ५,००० रुपये. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. इंजेक्टर, ईसीयू, पुलीवर चाक, हे सगळं बघून अधिकारी काय म्हणेल, तुम्हीच ठरवा.

घाटमाथा

दादा, ती नोंदणी घेतली तर गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यालाच बाहेर काढता येते. मला रविवारी कासला जायचंय. हार घालून उभी करायला नाही घेतली.

पासिंगवाला

मग मूळ आरसीवर चालवा. पण विकताना लोक 'ओरिजिनल आहे का' विचारतात, तेव्हा रागावू नका.

लेथवाला (कऱ्हाड)

दोघांचंही वाचलं. कार्ब की ईएफआय हा वाद चालू द्या, पण मूळ प्रश्न होता 'ट्यूनिंग झालं का'. माझ्या मते नाही झालं, आणि लॅपटॉपवर ते कधीच दिसणार नाही.

या हेडला चार सिलिंडरना इनटेकच्या वाटा दोनच. १ आणि २ ची एक, ३ आणि ४ ची एक. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. म्हणजे पहिल्या पोर्टात आधी २ ओढतो, लगेच पाठोपाठ १. दुसऱ्यात आधी ३, लगेच ४. त्यानंतर बराच वेळ त्या पोर्टात कुणीच ओढत नाही. तुमचा इंजेक्टर त्या रिकाम्या वेळातही पेट्रोल टाकतो, ते तिथेच साचून राहतं. पुढच्या फेरीला २ आणि ३ चा व्हॉल्व्ह आधी उघडतो आणि ते बहुतेक सगळं पिऊन टाकतो. १ आणि ४ च्या वाट्याला हवा भरपूर, पेट्रोल कमी. पंगतीत पहिल्या पानावरच आमटी संपावी तसं. कार्बोरेटरला हा त्रास कमी, कारण तिथे पेट्रोल आधीच हवेत मिसळून आलेलं असतं.

आता सेन्सर कुठे आहे? पुढच्या पाइपात, जिथे चारही सिलिंडरचा धूर एकत्र होतो. मधले दोन रिच, बाहेरचे दोन लीन, सरासरी १. स्क्रीन हिरवी. आणि यवतेश्वरच्या चढावर दाबलेलं असताना तुमचा ०.८७ म्हणजे मधल्यांचा ०.८ आणि बाहेरच्यांचा ०.९५ असू शकतो. बाहेरचा पिस्टन तापून नॉकिंग (मिक्श्चरचा अवेळी स्फोट) सुरू झालं तर आवाज ऐकू येईपर्यंत उशीर झालेला असतो.

रेडलाइन_मिरज

सर पण सॉफ्टवेअरमध्ये ऑटोट्यून असतं ना? ते आपोआप टेबल दुरुस्त करतं.

लेथवाला

ऑटोट्यूनला दिसतो तोच एक सेन्सर. चुकीची सरासरी तो फक्त जास्त चोख करून देईल.

कृष्णाकाठ

बघ, मी म्हणत होतो!

लेथवाला

तुमच्या बाजूनं नाही बोललो साहेब. तुमचा नट ई२० ची कसर भरेल, पण पेट्रोल बदललं की परत पाना, आणि मे महिन्यात उकळणाऱ्या फ्लोट चेंबरला तर तुमच्याकडे उत्तरच नाही. ईएफआय जमतं या इंजिनावर, फक्त असं नाही.

घाटमाथा

प्लग काढले. चढावर दाबलेलं असतानाच क्लच मारून चावी बंद केली, बाजूला घेऊन गरम गरम काढले. २ आणि ३ च्या इन्सुलेटरवर काळसर थर, १ आणि ४ पांढरे, १ च्या कडेला तर बारीक चमकते ठिपके. पण ई२० वर प्लग असेही फिके दिसतात असं वाचलंय, त्यामुळे रंगावर एवढा भरवसा ठेवावा का?

लेथवाला

रंगावर नका ठेवू, फरकावर ठेवा. चारही एकाच पेट्रोलवर चालतात ना? आणि चमकते ठिपके रंगाचा भाग नव्हेत. ते नॉकिंगनं उडालेलं अ‍ॅल्युमिनियम असू शकतं. तोवर चढावर दाबू नका, ठिणगीचं टायमिंग दोन-तीन अंश मागे घ्या.

खात्री हवी तर एक्झॉस्ट बघा. या हेडला एक्झॉस्टचे पोर्ट तीन: १ चा वेगळा, २-३ चा एकत्र, ४ चा वेगळा. म्हणजे रिच दोघं मधल्या फांदीत, लीन दोघं बाहेरच्या फांद्यांत, आपोआप वेगळे झालेत. मॅनिफोल्ड बिडाचा आहे, वेल्डिंगच्या फंदात पडू नका. भोक पाडून आटे मारा आणि सेन्सर आधी मधल्या फांदीत, मग बाहेरच्या फांदीत लावून तोच चढ चढा, अर्ध्या थ्रॉटलवर.

घाटमाथा

समजा फरक निघाला. पुढे काय? कार्ब परत लावणार नाही, हे आधीच सांगतो.

लेथवाला

दोन वाटा. पहिली: प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा, अचूक वेळेचा फवारा. त्याला कॅमचा सिग्नल लागतो, तो डिस्ट्रिब्युटरच्या जागेतून घेता येतो कारण तो शाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. इंजेक्टर मोठे लागतात, कारण फवारा वेळेच्या छोट्या फटीत मारून संपवायचा असतो. आरपीएम वाढला की तीही फट अपुरी पडते, दोघांचं पेट्रोल पुन्हा मिसळतं. सयामीज (दोन सिलिंडरना मिळून एक) पोर्टसाठीचा असा कोड मेगास्क्वर्ट या दुसऱ्या ईसीयूवर लोकांनी लिहिलाय. तुमच्या बोर्डावर तो कुणी चालवला का, ते आधी शोधा.

दुसरी: पोर्टवरचे इंजेक्टर काढा, कार्बच्या जागी थ्रॉटल बॉडी (हवेची झडप असलेला भाग) लावा आणि पेट्रोल तिथेच, वरच्या बाजूला फवारा. वाटणी कार्बइतकीच होईल, लॅम्बडाची दुरुस्ती मात्र राहील. घाटात हिंडायला मला हीच वाट पुरेशी वाटते.

कृष्णाकाठ

म्हणजे कार्बच्या जागी कार्बसारखंच काहीतरी, फक्त वायर लावून.

घाटमाथा

हो, आणि ई२० असो की उद्या आणखी काही, त्याचं मिक्श्चर तेच बघेल. थ्रॉटल बॉडीच्या फ्लँजचं माप कुणाकडे असेल तर टाका, एसयू एच४ ची दीड इंची भोकं धरून.