भुवयांचं लॅमिनेशन : गोव्याच्या दमट हवेत तुमचं किती टिकलं?

गेल्या महिन्याभरात तीन मैत्रिणींनी मला हाच प्रश्न विचारला, म्हणून हा धागा. लॅमिनेशन म्हणजे भुवयांचे केस लोशनने वरच्या दिशेला वळवून बसवणं, हवं तर सोबत रंगही, म्हणजे टिंट. पार्लरमध्ये सहसा ६ ते ८ आठवडे सांगतात. माझं इथे पणजीत ५ आठवडे टिकलं, त्यातला शेवटचा आठवडा नावापुरता.

चवथीच्या दहा दिवस आधी केलं होतं. माझ्या भुवयांचे केस मुळातच खाली वळतात. डावीकडचे सुरुवातीचे चार-पाच केस तर सरळ नाकाकडे तोंड करून असतात. ब्रशने वर केले की दोन मिनिटांत पुन्हा जागेवर. लॅमिनेशननंतर पहिले दोन दिवस भुवया फार उभ्या आणि फार काळ्या वाटल्या. आईने विचारलंच, "कोळसा लावलास काय गो?" चौथ्या दिवशी रंग उतरला आणि चेहरा माझा वाटायला लागला. चवथीला पातोळ्या उकडताना झाकण काढलं की वाफ थेट तोंडावर यायची, घाम तर दिवसभर, तरी काही बिघडलं नाही. तिसऱ्या आठवड्यात टिंट फिका पडला. चौथ्यात ते डावीकडचे केस एकेक करून खाली झुकायला लागले, आणि पाचव्याच्या शेवटी भुवई पूर्वीसारखी.

तुमची त्वचा कशी, काय लावता, किती दिवस टिकलं आणि काही बिघडलं असेल तर तेही मोकळेपणाने लिहा.

डिचोलीहून

माझं जेमतेम ३ आठवडे. त्वचा तेलकट आहे, आणि रात्री डोक्याला खोबरेल तेल चोपडून झोपायची सवय. उशीवरून तेल कपाळावर, कपाळावरून भुवयांवर. दुसऱ्यांदा केलं तेव्हा पहिला महिनाभर डोक्याला तेल फक्त न्हायच्या आधी तासभर लावलं. त्या वेळी पाच आठवडे गेले. बाकी काहीच बदललं नव्हतं.

मडगावहून

मी ११ वर्षं पार्लर चालवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लॅमिनेशन म्हणजे भुवयांवर चढवलेला थर नव्हे. नावामुळे बऱ्याच जणींना तसं वाटतं. केसातल्या केराटिन या प्रथिनाला गंधकाचे बंध धरून ठेवतात, त्यांच्यामुळे केसाला त्याचं वळण असतं. पहिलं लोशन, त्यात थायोग्लायकोलेट किंवा सिस्टिअमीन असतं, ते हे बंध सैल करतं. मग आपण केस हव्या त्या दिशेला बसवतो. दुसऱ्या लोशनने, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा सोडियम ब्रोमेटने, बंध नव्या जागी पुन्हा जुळतात. डोक्याचे केस कुरळे करायच्या पर्मिंगमध्ये हेच होतं.

मग ते उतरतं कशामुळे? भुवईचा केस वाढतो काही आठवडे, डोक्याचा वाढतो काही वर्षं. आपण वळवलेला केस गळतो आणि खालून येणारा मूळच्या वळणाचाच येतो. ते कुठल्याच मलमाने थांबत नाही. म्हणून कोणी तीन महिन्यांची खात्री देत असेल तर माझा त्यावर विश्वास नाही.

पहिले २४ तास मात्र खरोखर महत्त्वाचे. पाणी नको, वाफ नको, घाम नको, क्रीम-मेकअप नको, आणि त्या रात्री पालथं झोपू नका. मी मे महिन्यात दुपारच्या वेळा देतच नाही. स्कूटरवर हेल्मेट घालून घरी पोचेपर्यंत कपाळ भिजलेलं असतं. संध्याकाळी उशिरा या, घरी जा आणि पंख्याखाली बसा. तिसऱ्या दिवसापासून रात्री स्पूलीच्या, म्हणजे भुवया विंचरायच्या छोट्या ब्रशच्या, टोकाला एरंडेल तेलाचा अगदी थेंब घेऊन फिरवा, कारण या लोशननी केस कोरडा होतो. सकाळी तोंड धुतल्यावर ओल्या भुवया वरच्या दिशेने विंचरा. रेटिनॉल, स्क्रब आणि आम्लं असलेली सीरम भुवयांपासून लांब ठेवा. पुन्हा करायचं तर निदान ६ आठवडे जाऊ द्या. मी स्वतः ८ सांगते.

म्हापशाहून

वरचं शेवटचं वाक्य मला आधी कोणी सांगितलं असतं तर! माझं दुसरं लॅमिनेशन तीनच आठवड्यांनी केलं गेलं. त्यातही आधी थ्रेडिंग केलं आणि त्याच कातडीवर लगेच लोशन लावलं. आग झाली, मी तसं सांगितलं, तर "थोडं होतंच" असं उत्तर मिळालं. घरी येऊन पाहते तर भुवईखाली लाल पट्टा आणि केसांची टोकं जळल्यासारखी वाकडीतिकडी, हाताला नारळाच्या काथ्यासारखी लागायची. त्वचा आठवड्यात बरी झाली. केस बदलून यायला साडेतीन महिने गेले आणि तोवर मी सगळं बंद ठेवलं, फक्त थोडं तेल. पैशांपेक्षा मला राग याचा आहे की माझं म्हणणं ऐकलं गेलं नाही. आग झाली तर लोशन लगेच पुसायला लावा, संकोच करू नका.

वास्कोहून

मी आठवड्यात चार दिवस पोहते. ४ आठवडे टिकलं. क्लोरीनच्या पाण्याने केस फार कोरडे पडले. तलावातून बाहेर आल्याबरोबर साध्या पाण्याने धुवायला लागले तसा फरक पडला.

फोंड्याहून

वय ५२. माझ्या भुवयांचा बाहेरचा भाग विरळ होत चालला होता, म्हणून लॅमिनेशन करायला गेले. तिथल्या मुलीने भुवई निरखून पाहिली आणि म्हणाली, "काकी, आधी थायरॉइड तपासून घ्या, मग करूया." तपासणीत थायरॉइड कमी निघालं. गोळी सुरू झाली, सहा महिन्यांनी केस थोडे भरले आणि मग तिच्याकडेच केलं. ६ आठवडे पुरले. जिथे केसच नाहीत तिथे लॅमिनेशन काही आणू शकत नाही, हे तिने मला आधीच स्पष्ट सांगितलं होतं. त्या पोरीचे उपकार मी विसरणार नाही.

पेडण्याहून

काळ्या मेंदीने कधी हाताला फोड आले असतील तर टिंट घेण्याआधी ते नक्की सांगा. मला लहानपणी जत्रेत काढलेल्या मेंदीने फोड आले होते. तिच्यातलं पीपीडी नावाचं रसायन केसांच्या बऱ्याच रंगांतही असतं. माझी कानामागे थोडा टिंट लावून चाचणी घेतली, दुसऱ्या दिवशी तिथे लाल आणि खाजरं. म्हणून मी टिंटशिवाय केलं, आणि तेही छान दिसतं. चाचणी दोन दिवस आधी घ्या, त्याच दिवशी घेऊन काही कळत नाही.

काणकोणहून

माझं लग्न डिसेंबरात झालं. लॅमिनेशन कधी करावं यावर घरात चर्चाच झाली, कारण हळद म्हणजे तेल आलं आणि वर न्हाणं आलं. शेवटी लग्नाच्या आठ दिवस आधी केलं, त्याच्या दोन दिवस आधी चाचणी. हळदीला मामीने बोटं कपाळाकडे नेली, की धाकटी बहीण दोन्ही तळवे माझ्या भुवयांवर आडवे धरायची. सगळ्या बायका हसत होत्या, ती मात्र जागची हलली नाही. फोटोंत भुवया व्यवस्थित आहेत आणि तिच्या तळहातांवर हळद. आज सहावा आठवडा चालू आहे, उजवीकडचे केस अजून उभे आहेत.