दोन क्रेडिटचा 'समाज सहभाग' कोर्स: गावाला उपयोग होईल आणि संशोधनही निघेल असं काय करता येईल?

प्रश्न: खडकाळ_भूगोल

मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी पदवी कॉलेज, विषय भूगोल. नव्या शैक्षणिक धोरणातला कम्युनिटी एंगेजमेंटचा कोर्स यंदा आमच्या विभागाकडे आलाय. २ क्रेडिट, चौथं सेमिस्टर, म्हणजे डिसेंबर ते एप्रिल. विद्यार्थी ६२. कॉलेजपासून ९ किलोमीटरवरचं एक गाव तयार आहे: शिवार साधारण ८०० हेक्टर, पाऊस सरासरी ६०० मिमीच्या आसपास.

स्वच्छता फेरी, पथनाट्य आणि शेवटी बॅनर धरून फोटो, यात वर्ष घालवायचं नाही. तीन गोष्टी हव्यात. मुलांनी काहीतरी मोजायला शिकावं, गावाला वापरता येईल असा कागद मिळावा आणि जमलं तर दोन-तीन वर्षांत त्यातून एखादा पेपर व्हावा. कुठून सुरुवात करावी? घरोघर सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण करावं असं विभागात सुचवलं जातंय.

उत्तर: विहीर_आणि_टेप

आधी तासांचा हिशोब मांडा. यूजीसीच्या चौकटीत या कोर्सचं १ क्रेडिट वर्गातलं आणि १ प्रत्यक्ष गावातलं आहे. वर्गातल्या क्रेडिटला १५ तास, कामाच्या क्रेडिटला ३०. काही ठिकाणी दोन्ही क्रेडिटं प्रात्यक्षिक धरली आहेत, तिथे ६० होतात. तुमच्या अभ्यास मंडळाने काय केलंय ते बघून घ्या. ३० तास म्हणजे चार-चार तासांच्या सहा फेऱ्या आणि उरलेल्या सहा तासांत निष्कर्ष गावासमोर मांडणं. एवढ्या वेळात ६२ मुलांकडून घरोघर सर्वेक्षण नीट होत नाही. चाळीस प्रश्नांची प्रश्नावली निम्मी रस्त्यातच भरली जाते.

त्यात मराठवाडा आणि डिसेंबर-एप्रिल. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं दिवाळीनंतर निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. जानेवारीत दारं वाजवाल तर कुलूप दिसेल किंवा म्हातारी माणसं भेटतील. सगळ्यात गरजू घरंच नमुन्यातून गळतील आणि गावाचं उत्पन्न कागदावर फुगेल. सर्वेक्षण करायचंच असेल तर जूनमध्ये करा.

भूगोलवाल्यांनी विहिरी मोजाव्यात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. तेच महिने तुम्ही धरा, म्हणजे शेजारच्या सरकारी विहिरीशी ताळा घेता येईल. जानेवारी आणि मार्च तुमच्या सेमिस्टरमध्येच येतात. खरी अडचण मे आणि ऑक्टोबरची. मेमध्ये मुलं घरी असतात आणि ऑक्टोबरमध्ये ही बॅच पुढच्या वर्गात गेलेली असते. पण या दोन नोंदी नसतील तर पुनर्भरण (पावसाचं किती पाणी जमिनीत मुरलं) काढताच येत नाही, बाकी सगळं लटकतं. मे महिन्यासाठी गावातलीच दोन मुलं मानधन देऊन तयार करा आणि ऑक्टोबर एनएसएसच्या नियमित कामात बसवा. ही व्यवस्था जानेवारीआधी झाली पाहिजे.

मोजणी अशी करा. २५ ते ३० उघड्या विहिरी निवडा. माथ्याच्या, मधल्या आणि ओढ्याकाठच्या तिन्ही पट्ट्यांतल्या हव्यात. बोअर घेऊ नका. केसिंगमध्ये मोटर आणि पाइप असतात, टेप अडकते आणि मिळणारी पातळीही कुठल्या थराची आहे ते कळत नाही. बिनकठड्याच्या विहिरी यादीतून काढा, यात तडजोड नको. पाच-सहा जणांचा एक गट, प्रत्येक गटाकडे दोन-तीन विहिरी. साहित्य म्हणजे ३० मीटरची टेप, टोकाला पाव किलोचं वजन आणि खडू. टेपच्या शेवटच्या मीटरवर खडू घासा. ओला झालेला भाग स्पष्ट दिसतो, पाण्याला टेप टेकली की नाही हा वाद उरत नाही. कठड्यावर ऑइल पेंटने ठिपका मारा आणि दर वेळी तिथूनच मोजा. कठड्याची जमिनीपासूनची उंची एकदाच मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ याच उंचीत होतो. सगळ्या बॅचनी कठड्यासकट मोजलं तर फरकावर काही परिणाम नाही. पण एका बॅचने उंची वजा केली आणि दुसरीने नाही, तर पाऊण मीटरची खोटी चढ-उतार तयार होते. तुमच्या शिवाराच्या हिशोबात ती किती पडते ते खाली दिसेलच.

वेळ सकाळची, मोटर चालू व्हायच्या आधीची. शेतीची थ्री-फेज वीज त्या आठवड्यात दिवसा आहे की रात्री, हे विचारून फेरी ठरवा. रात्रपाळी असेल तर सकाळी सातला विहीर उपसलेली मिळते. मालकाला 'शेवटची मोटर कधी बंद केली' हा प्रश्न नेहमी विचारा, वहीत तसा रकाना ठेवा आणि बारा तासांच्या आतलं उत्तर आलं तर ती नोंद वेगळी काढा.

आता हिशोब. १ हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. ८०० हेक्टर आणि ६०० मिमी म्हणजे ४८ लाख घनमीटर, गावच्या भाषेत ४,८०० टीसीएम (हजार घनमीटर). मे ते ऑक्टोबर पातळी सरासरी ४ मीटरने वर आली असं समजू. बेसॉल्टसाठी (आपला काळा खडक) विशिष्ट उत्पादन, म्हणजे भिजलेल्या खडकातून मोकळं मिळणाऱ्या पाण्याचं प्रमाण, साधारण २ टक्के धरतात (१ ते ३ च्या दरम्यान). ८०० हेक्टर म्हणजे ८० लाख चौरस मीटर. त्याला ४ ने आणि ०.०२ ने गुणलं की ६,४०,००० घनमीटर, म्हणजे ६४० टीसीएम. पडलेल्या पावसाच्या १३ टक्के. आणि ती पाऊण मीटरची चूक? १२० टीसीएम, गोळाबेरजेचा जवळजवळ पाचवा हिस्सा. २० टक्क्यांपेक्षा जास्त उताराची जमीन क्षेत्रातून वगळा, नाहीतर आकडा फुगतो. पावसाची सरासरी घेऊ नका, त्या वर्षीचा महसूल मंडळनिहाय पाऊस महारेन या सरकारी संकेतस्थळावर मिळतो. पिकांचं क्षेत्र तलाठ्याकडून, ई-पीक पाहणीतून.

उत्तर: मासिक_सभा

वरचं तांत्रिक बाजूने ठीक. ग्रामपंचायतीच्या बाजूने थोडं सांगतो, कारण बहुतेक कॉलेजं इथेच अडखळतात.

सरपंचांना फोन केला म्हणजे गाव तयार झालं असं होत नाही. कॉलेजचं पत्र ग्रामसेवकांकडे (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) द्या आणि मासिक सभेत ठराव घ्यायला लावा. ठरावात चार गोष्टी हव्यात: किती वर्षं येणार (तीनपेक्षा कमी नको), काय मोजणार, माहिती कोणाच्या ताब्यात राहणार आणि ती ग्रामसभेला कधी दाखवणार. निवडणूक होऊन सरपंच बदलले तरी ठराव वहीत राहतो. निवडणुकीचं वर्ष असेल तर आचारसंहितेच्या काळात फेऱ्या ठेवू नका. विद्यार्थी कोणाच्या बाजूने आले यावर पारावर चर्चा सुरू होते आणि मग पुढची दोन वर्षं गेली.

मांडणीसाठी तारीख निवडताना सेमिस्टर बघू नका, आराखडा बघा. ग्रामपंचायत विकास आराखड्याची प्रक्रिया २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. ऑक्टोबरच्या नोंदीनंतर लगेच पाण्याचा ताळेबंद दिला तर रब्बीला किती पाणी आहे हे पेरणीआधी कळतं आणि बंधाऱ्याच्या गाळाचं काम आराखड्यात येऊ शकतं. तोच कागद एप्रिलमध्ये दिलात तर कपाटात जाईल. १ मेच्या ग्रामसभेत उन्हाळ्याच्या टंचाईवर बोलता येतं, तेवढंच. विषयपत्रिका निघायच्या आधी तुमचा विषय त्यात घालून घ्या. ऐनवेळच्या विषयात आलात तर तुमची पाळी येईपर्यंत लोक उठलेले असतात.

कागद एकच पान. ए-थ्री आकार, गावाचा नकाशा, विहिरींचे ठिपके तीन रंगांत आणि खाली आवक-जावक. चाळीस पानांचा बांधीव अहवाल नॅकला (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) द्या, जिओटॅग फोटोंसकट. गावात तो कोणी उघडत नाही.

आणि वस्त्या. गावठाणातल्या विहिरी मोजून शिवार मोजलं असं म्हणू नका. दलित वस्ती, तांडा आणि शेतवस्ती यांची पिण्याची विहीर यादीत आहे का, ते पहिल्याच दिवशी तपासा. नाहीतर नकाशावर त्यांचं पाणी नसतंच आणि नंतर त्याच नकाशाच्या आधारे कामं ठरतात.

उत्तर: संमतीपत्र

पेपर करायचा असेल तर क्रम महत्त्वाचा. संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी माहिती गोळा करण्याआधी घ्यावी लागते. मागाहून मिळत नाही आणि चांगली नियतकालिकं मंजुरीचा क्रमांक विचारतात. कॉलेजला समिती नसेल तर विद्यापीठ विभागाकडे अर्ज करा, दोन महिने धरून चला. विहिरीची पातळी हा वैयक्तिक डेटा नाही असं वाटेल, पण विहिरीला गट नंबर आणि मालकाचं नाव जोडलं की तो होतो. 'याच्या विहिरीला मार्चमध्ये पाणी आहे' ही माहिती गावात भांडण लावू शकते. म्हणून विहिरींना क्रमांक द्या, नावांची यादी वेगळ्या फाइलमध्ये कुलूपबंद ठेवा. आधार क्रमांक कुठेही घेऊ नका. १८ वर्षांखालच्यांना प्रश्न विचारणार असाल तर पालकांची संमती लागते. संमतीपत्र मराठीत, एक पान, मोठ्या टायपात. वाचून दाखवलं याची साक्षीदारासह नोंद.

नोंदीसाठी कोबो कलेक्ट हे मोबाइल अ‍ॅप चालेल, ऑफलाइन भरतं. जीपीएस नोंद अचूकता १० मीटरच्या आत आल्यावरच घ्यायची, नाहीतर विहीर शेजारच्याच्या गटात जाते.

प्राध्यापकांच्या पदोन्नतीबद्दल गैरसमज बरेच आहेत. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत विस्तारकार्य आणि समाजसेवा हे विद्यार्थ्यांशी निगडित उपक्रमांत मोजलं जातं, संशोधनाच्या गुणांत नाही. धोरण दस्तऐवजाला राज्य पातळीवर ४ गुण आहेत, पण तो शासनाला सादर झालेला हवा. ग्रामपंचायतीला दिलेलं पान त्यात बसत नाही. मानव्य आणि सामाजिक शास्त्रांत शोधनिबंधाला १० गुण, विज्ञानात ८. म्हणजे पेपरचा विचार पहिल्या वर्षापासूनच हवा, आणि एका पावसाळ्यावर पेपर उभा राहत नाही.

नमुने बघायचे तर आयआयटी मुंबईचं ग्रामीण तंत्रज्ञानाचं सितारा केंद्र (१९८५ पासून) आणि २०१६ च्या शासन निर्णयाने आलेलं उन्नत महाराष्ट्र अभियान यांचे गावपातळीवरचे पाणी-अभ्यास वाचा. मोजणी कशी लिहावी ते तिथे कळतं. ग्रामसभांसोबत दीर्घकाळ काम कसं बांधावं हे गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाकडे बघा. तिथला वनहक्काचा संदर्भ तुमच्याकडे नाही, पण ग्रामसभेला भागीदार धरायची पद्धत घेण्यासारखी. उन्नत भारत अभियानात (केंद्राची, उच्च शिक्षण संस्थांना गावांशी जोडणारी योजना) नोंदणी करायची तर किमान पाच गावं दत्तक घ्यावी लागतात. एका गावाचं काम मुरल्याशिवाय त्या फंदात पडू नका.

खडकाळ_भूगोल

सगळ्यांचे आभार. घरोघर सर्वेक्षण रद्द, विहिरी पक्क्या. दोन शंका: ६२ जणांना गुण कसे द्यायचे? आणि वाणिज्य विभागाच्या मॅडम त्याच गावात येऊ म्हणतायत, त्यांना काय सुचवू?

उत्तर: विहीर_आणि_टेप

गुण ५० धरले तर: शेतवही २०, पुन्हा मोजणी १०, ताळेबंद १०, गावासमोरची मांडणी १०. पुन्हा मोजणी म्हणजे तुम्ही चिठ्ठी टाकून दर गटाची एक विहीर त्याच दिवशी स्वतः मोजायची. फरक ५ सेंटिमीटरच्या आत असेल तर पूर्ण गुण. पहिल्याच फेरीत हे जाहीर करा, घरी बसून वह्या भरणं आपोआप थांबतं. वही पेनाने लिहायची, खाडाखोड चालेल, व्हाइटनर नाही.

मॅडमना घर-पाणीपट्टी सुचवा. नमुना ८ कर आकारणीचा, नमुना ९ मागणीचा. दोन्ही जुळवून वॉर्डनिहाय मागणी, वसुली आणि थकबाकी काढायची, सोबत ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या हिशोबाच्या पोर्टलवरचा खर्च. दहा जणांना तीन फेऱ्यांचं काम आहे. फक्त वॉर्डाची बेरीज दाखवायची, थकबाकीदारांची नावं फळ्यावरसुद्धा नाही. आणि पाणीपट्टीची वसुली तुमच्या ताळेबंदाच्या त्याच ए-थ्री पानावर टाका, मागच्या बाजूला.

उत्तर: मासिक_सभा

नमुना ९ मार्चअखेर मागू नका, वसुलीच्या धावपळीत कोणी देणार नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात लेखी अर्ज द्या आणि वह्या कार्यालयातच बसून बघा.