हौस नव्हती हो, हिशोब होता

कुणीतरी म्हणतं की १८४५ नंतरच्या आयर्लंडमधल्या मोठ्या दुष्काळात तिथल्या जमीनदारांनी कुळं हाकलली ती निव्वळ माजापोटी. माज होताच, पण त्यामागे हिशोबही होता. १८४३च्या कायद्यानं ४ पौंड किंवा त्याहून कमी मूल्यांकनाच्या जमिनीवरचा गरिबांच्या मदतीसाठीचा कर कुळाऐवजी जमीनदारावर टाकला, मग गरिबांचं मुख्य अन्न असलेला बटाटा रोगानं सडला, कुळांकडून येणारा खंड (जमिनीचं भाडं) थांबला, कर वाढतच गेला आणि बारकं कूळ म्हणजे नुसता खर्च. १८४७ मध्ये वर आणखी नियम, की पाव एकरापेक्षा जास्त जमीन धरून ठेवली तर सरकारी मदत बंद. म्हणजे जमीन सोडा नाहीतर उपाशी मरा!

आयर्लंडच्या रॉसकॉमन परगण्यातलं स्ट्रोक्सटाउन बघा. तिथला जमीनदार मेजर डेनिस माहोन, त्याला वाटलं, ह्यांना पोसण्यापेक्षा कॅनडाला पाठवणं स्वस्त. मग १८४७ मध्ये त्याची १४९० माणसं कालव्याच्या काठानं डब्लिनपर्यंत चालत, तिथून लिव्हरपूल, मग क्वेबेकची जहाजं, आणि त्यातले कितीतरी वाटेतच तापानं गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात माहोनला गोळी घालून मारलं.

माहोनच्या वाड्याच्या आवारात आता दुष्काळाचं म्युझियम आहे, आणि कुळांचे अर्जबिर्ज इस्टेटीच्या ऑफिसातच पडलेले सापडले, कुणी जाळायचीही तसदी घेतली नव्हती.