वस्तीतल्या मुलांना रॅप शिकवणे म्हणजे त्यांना नादी लावणे काय?

पर्वती पायथा
परवा या चर्चापानावर एका सद्गृहस्थांनी लिहिले की, वस्त्यांमध्ये रॅपच्या कार्यशाळा घेणाऱ्या संस्था मुलांना नादी लावतात, आणि तेवढ्या वेळात इंग्रजी व संगणक शिकवला तर निदान त्यांच्या पोटाची सोय होईल. अनेकांनी त्यावर माना डोलावल्या, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या समाजमंदिरात मी आठवड्यातून एक संध्याकाळ हा वर्ग घेतो. नववीतला एक मुलगा निबंधाच्या वहीत दोन ओळींपुढे जात नसे. त्याच वहीच्या मागच्या पानावर त्याने ‘माझी आई पहाटे उठून पाणी भरते’ असे लिहिले, बीटवर, म्हणजे तयार तालाच्या ध्वनिफितीवर, म्हणून पाहिले, गुडघ्यावर बोटांनी मात्रा मोजल्या, आणि वाक्य तालाबाहेर सांडते म्हणून खोडत खोडत तो ‘चारला नळ, पाठीत कळ, आईच्या हंड्यात घराचं बळ’ येथवर आला. मिनिटाला नव्वद ठोक्यांच्या बीटवर सोळा बार (एक बार म्हणजे चार ठोके) म्हणजे जेमतेम पाऊण मिनिट होते. तेवढ्यात म्हणणे बसवायचे तर कोणता शब्द ठेवायचा आणि कोणता टाकायचा, हे ठरवावेच लागते. भाषेचा याहून कसून अभ्यास कोणत्या शिकवणीत होतो, ते सांगावे.

ही कला जन्मलीही अशाच ठिकाणी. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधून द्रुतगती मार्ग काढण्यासाठी हजारो कुटुंबे उठवली गेली होती. त्याच ब्रॉन्क्समध्ये ११ ऑगस्ट १९७३ रोजी जमैकातून आलेल्या कूल हर्क या तरुणाने बहिणीच्या कार्यक्रमात दोन तबकड्या फिरवून गाण्यातला नुसता तालाचा तुकडा लांबवत नेला, आणि अशाच तालावर शब्द म्हणता म्हणता रॅप घडले. पुनर्वसनाच्या नोटिसा वाचत वाढलेल्या आमच्या मुलांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

नारायण पेठ
तो सद्गृहस्थ मीच, आणि मी एक शब्दही मागे घेत नाही. मुलाची ओळ चांगली आहे, परंतु एका मुलावरून सगळ्यांचे धोरण ठरत नाही. एप्रिल २०२३ मध्ये पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत शिवराळ रॅप चित्रित झाल्याचे उघड होऊन गुन्हा दाखल झाला, तेव्हा ही सगळी मंडळी गप्प होती. त्याआधी फेब्रुवारीत ताडीवाला रोडचा रॅपर एमसी स्टॅन ‘बिग बॉस’ जिंकला, आणि तेव्हापासून आमच्याकडे किराणा पोहोचवणारा मुलगाही ‘काका, मी गाणं काढतोय’ असे सांगतो. एखादा पुढे जाईल. उरलेल्यांच्या दहावीचे काय? माझा भाचा ध्वनिमुद्रणाच्या नादात बारावीला बसलाच नाही. आज तो तिशी ओलांडून आईच्या निवृत्तिवेतनावर जगतो आहे. त्या घरात मी जेवायला बसतो, तेव्हा कोणाच्या अभिव्यक्तीचे कौतुक करू?

हलगी
काकांशी मी सहमत नाही, परंतु माझा राग वेगळ्या कारणासाठी आहे. वंचितांचा आवाज, तालावरची कविता, समोरासमोरची जुगलबंदी यांसाठी आपल्याला ब्रॉन्क्सपर्यंत जावे का लागते? आपल्या शाहिरीतच कलगी आणि तुरा असे दोन पक्ष होते; कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानत आणि तुरेवाले शिवाला, आणि रात्र रात्र सवाल-जवाब चालत. आजच्या ज्या रॅप-बॅटलचे एवढे कौतुक होते, ती याहून निराळी कशी? जोतीरावांनी १८६९ मध्ये शिवरायांवर पवाडा रचला आणि १८७३ मध्ये याच पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला. त्यातून पुढे जलसे, म्हणजे गाण्या-संवादांतून प्रबोधन करणारे कार्यक्रम, उभे राहिले. माझे वडील शाहीर होते. त्यांच्या पश्चात मी मुलांसाठी शाहिरी शिबिराचा प्रस्ताव एका संस्थेकडे नेला, तर पैसे नाहीत असे सांगण्यात आले, आणि लगेच त्याच संस्थेने रॅपसाठी मुंबईहून प्रशिक्षक आणला.

येरवडा
हलगीदादा, वडिलांविषयी आदर राखून विचारते: शाहिरी आम्हाला कधी शिकवली गेली? शाळेत १९ फेब्रुवारी आणि १ मे आले की फेटे बांधायचे, डाव्या हातात खेळण्यातला डफ द्यायचा आणि ठरलेला पोवाडा पाठ म्हणून घ्यायचा. तुझ्या घरावर, तुझ्या गल्लीवर चार कडवी रच, असे मला एकाही गुरुजींनी सांगितले नाही. रॅपच्या वर्गात पहिल्याच दिवशी ते सांगितले गेले. परंपरा इतकी प्रिय होती, तर ती आमच्या हाती मोकळी का दिली नाही?

हलगी
हा शाळांचा दोष आहे, शाहिरीचा नव्हे. लोककवी वामनदादा कर्डकांनी वस्त्यावस्त्यांत जाऊन गाणी म्हटली, ती कोणाच्या परवानगीने? गळा तयार करायला, शाहिरामागे झील (साथीचा सूर) धरायला, दम टिकवायला वर्षे जातात. आज तयार बीट उतरवून घेतली आणि पंधरवड्यात कलावंत झाला, ही घाई तुम्हाला खटकत नाही, याचेच मला दुःख होते.

येरवडा
पंधरवड्यात कोणी होत नाही. आपण एकदा वर्गात बसून पाहिलेले नाही, हे आपल्या प्रत्येक वाक्यातून दिसते. आणि झील धरायला मुलींना किती फडांत उभे केले जात होते, तेही लिहा.

कामगार पुतळा
आपण दोघे वाद्यांवर भांडत आहात. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा गाणे संपल्यावर श्रोत्याला जायला जागा होती: युनियनची कचेरी होती, सभा होती, मोर्चा होता. आज मुलगा पाण्यावर रॅप म्हणतो, टाळ्या पडतात, संस्थेच्या वार्षिक अहवालात त्याचे छायाचित्र छापले जाते आणि नळ चारलाच येतो. संघटनेवाचून गाण्याने सामाजिक न्याय होतो, असे मुलांना सांगणे ही त्यांची फसवणूक आहे. त्यातून देणगीदाराने ‘स्वच्छता’ किंवा ‘व्यसनमुक्ती’ असा विषय नेमून दिला, तर बंडखोरी उरतेच कुठे?

ताडीवाला रोड
अहवालातल्या छायाचित्रावरून सांगते. माझ्या मुलीने मामाच्या दारूवर लिहिले. ते चित्रित होऊन सगळीकडे फिरले. आम्हाला कोणी विचारले नाही, आणि मामा दारात येऊन उभा राहिला. तिला लिहू द्यायचे आहेच, कारण लिहायला लागल्यापासून ती घरात बोलते. परंतु चित्रफीत कोण काढणार, ती कुठे दाखवणार आणि नको म्हटल्यावर कोण काढून टाकणार, हे आधी आईला विचारून लिहून घ्यावे. वर्गही साडेसातला संपला पाहिजे. त्यानंतर मुलींना कोणी पाठवत नाही, आणि मग वर्गात फक्त मुलगे उरतात व शिव्या वाढतात.

पर्वती पायथा
ताई, आमच्याकडे वर्ग सातला संपतो आणि चित्रीकरण होतच नाही. इतरांनीही तसेच करावे. संघटनेचा मुद्दा नाकारता येत नाही, एवढे म्हणतो. पाण्याचे निवेदन क्षेत्रीय कार्यालयात नेले, तेव्हा मुलांनी तीच ओळ तेथे म्हणून दाखवली. पाण्याची वेळ बदलली नाही. मात्र पूर्वी टाळली जाणारी पोच सही-शिक्क्यासह हातात पडली, आणि पुढच्या खेपेस वस्तीतल्या बायका आपणहून बरोबर आल्या. नेमून दिलेल्या विषयांवर आम्ही लिहीत नाही, म्हणून आम्हाला देणगीही मिळत नाही.

नारायण पेठ
पोच मिळाली ही गोष्ट लहान नाही, इतके मानतो. तरीही दहावीच्या मुलांना डिसेंबरनंतर या वर्गाला बसू देऊ नये.

पर्वती पायथा
वर्ग बंद ठेवणार नाही. परीक्षेच्या काळात निम्मा वेळ गणिताला देऊ. आपण शिकवायला येणार असाल तर कळवावे.

हलगी
गणिताचे ठरले, शाहिरीचे राहिलेच. येत्या वर्गाला मी हलगी घेऊन येतो. तयार बीट बंद ठेवून मुलांनी तिच्यावर सोळा बार म्हणून दाखवावेत, मग पुढचे बोलू.