चित्र्यांच्या कवितेतला बाप आणि आपले बाबा : बडोदेकरांनो, लिहा

दिलीप चित्रे 1938 साली आपल्या बडोद्यात जन्मले आणि 1951 मध्ये घरच्यांबरोबर मुंबईला गेले. त्यांची ‘फादर रिटर्निंग होम’ ही इंग्रजी कविता (संग्रह ‘ट्रॅव्हलिंग इन अ केज’, 1980) महाराष्ट्रात बारावीला लावली आहे. गाइडवाले तिला एका ओळीत निकालात काढतात : वृद्धांचं एकाकीपण. मला ते पटत नाही, कारण बोलतोय तो मुलगा. लोकलच्या पिवळट उजेडात उभा असलेला बाप, भिजलेला शर्ट, चिखलाचे डाग पडलेला काळा रेनकोट, पुस्तकांनी फाटायला आलेली पिशवी, सगळं तो सांगतो. पण हा डब्यात होता कुठे? शिवाय ‘मी’ येतो तो नुसता बघण्यापुरता. वडील गाडीतून उतरताना दिसतात, घरी पाणचट चहा पिताना दिसतात. मात्र हसणं-बोलणं नाकारणाऱ्या घुम्या मुलांची पाळी आली की ती ‘त्यांची मुलं’ होतात. हा त्यातला नसल्यासारखा!

तुम्ही कुठे अडखळलात ते लिहा, आपल्या वडिलांसकट. ‘बाप म्हणजे नारळ’ छापाचं कृपया नको.

अपडाउनवाल्याचा मुलगा
माझ्या बाबांचं अंकलेश्वरला अपडाउन होतं. घरात माणूस मुका. चहा, जेवण, रेडिओ, झोप. कॉलेजच्या कामासाठी एकदा त्यांच्याबरोबर भरूचपर्यंत गेलो. डब्यात त्यांची जागा धरून ठेवलेली. चौघांच्या गुडघ्यांवर एक ब्रीफकेस आडवी, तिच्यावर रुमाल पसरलेला आणि पत्त्यांचा डाव चालू. बाबा अस्सल गुजरातीत अशी फटकेबाजी करत होते की पलीकडच्या बाकावरचे लोक माना वळवून ऐकत होते. मला बघून जरा आवरतं घेतलं, बस्स.
म्हणून कवितेतला तो गप्प डबा मला खरा वाटत नाही. मुलाने घरातलाच बाप उचलून गाडीत नेऊन उभा केलाय. त्याला दुसरा ठाऊकच नव्हता.

दांडिया बाजारची सून
घरी आलेला बाप शिळी चपाती खातो हे वाचून मी भडकले! ती केली कुणी, झाकून ठेवली कुणी? अख्ख्या कवितेत बाई नाही. आमचे सासरे रात्री उशिरा यायचे तेव्हा सासूबाई वरण पुन्हा गरम करायला उठायच्याच. मुलाचा बापावर राग आहे, बापाची दयाही येते, पण आई त्याच्या हिशेबातच नाही. पुरुषांनी पुरुषांवर लिहिलेलं असंच असतं म्हणा.

कारेलीबागकर
मी अडलो बेसिनपाशी. बाप थरथरतोय, हातांवरून गार पाणी वाहतंय, मनगटाच्या पिकल्या केसांना थेंब चिकटलेत. मनगटावरचे थेंब दिसायला हातभर अंतरावर उभं राहावं लागतं. इतक्या जवळ उभा आहे आणि टॉवेल पुढे करत नाही. आमच्या अप्पांचाही हात थरथरायचा. शर्टाचं वरचं बटण लावायला त्यांना पाच-पाच मिनिटं लागत आणि मी दारात उभा. पुढे झालो की, ‘हात लावलास तर याद राख!’ तेव्हा टॉवेल न देण्यात सगळा दोष पोराचाच, असं मी तरी म्हणणार नाही.

फी बाकी
सगळे हळवे झालात. मला त्या पुस्तकांच्या पिशवीचा राग येतो. आमचे वडील पगाराच्या दिवशी रावपुऱ्यातून पुस्तकं बांधून आणायचे आणि वर्गात बाकी फीच्या यादीत माझं नाव असायचं. वाचनवेडा बाप बाहेरच्यांना फार गोड दिसतो. मुलांनी गुपितं सांगायचं का थांबवलं, त्याआधी काय घडलं, यावर कविता अवाक्षर काढत नाही. बाजू एकच आहे.

मांडवी
एक भर. चित्र्यांचे वडील पुरुषोत्तम चित्रे यांनी 1943 मध्ये इथूनच ‘अभिरुची’ मासिक काढलं. पुस्तकांची पिशवी बघून लगेच ‘हे तेच’ असा शिक्का मारायचा मोह होतो. मारू नये. मासिकाच्या संपादकाच्या घरात बाप-लेकांचं किमान वाङ्मयावर तरी बोलणं होत असेल.

निवृत्त, दोन मुलांचा बाप
शेवटाबद्दल कुणीच लिहिलं नाही. रेडिओची खरखर ऐकत हा झोपतो आणि स्वप्नात कोण येतं? पूर्वज आणि नातवंडं. मधली पिढी गाळली! अरुंद खिंडीतून उपखंडात शिरणाऱ्या भटक्यांपर्यंत, म्हणजे थेट खैबरपर्यंत म्हणा, याचा विचार जातो, पण शेजारच्या खोलीतल्या मुलापर्यंत जात नाही. मला हे तंतोतंत पटलं. मुलाचा फोन आला की मी हवापाणी विचारतो आणि ‘छोटूला दे’ म्हणतो.

फी बाकी
काका, सोपं आहे. पूर्वज आणि नातवंडं उलटून बोलत नाहीत.

निवृत्त, दोन मुलांचा बाप
आमचा छोटू तुम्हाला भेटलेला दिसत नाही.